सगळं इन्क्लूडेड होतं, मग बोटीवरचे हे ५८ हजार कशाचे?

बाळीवेसकर, १० जून २०२५

घरी येऊन पंधरा दिवस झाले. बॅगा माळ्यावर गेल्या, राग अजून खालीच आहे. म्हणून हा धागा.

अण्णांची पंचाहत्तरी झाली. कार्यक्रम नको म्हणाले, 'एकदा समुद्र दाखव, काठावरून नको, आतून' म्हणाले. जन्म टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग सांभाळणारा, म्हणून गेला, तेव्हा एवढी हौस पुरवायलाच हवी होती. हैदराबादहून विमान, सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ. मी, बायको, आई, अण्णा, नववीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. केबिन दोन. पॅकेज इथल्याच, सोलापुरातल्या एका एजंटकडून घेतलं. नाव लिहीत नाही, रोज नवी पेठेत समोर येतो. 'भाऊ, बोटीत चढलात की पाकीट कपाटात ठेवायचं, सगळं इन्क्लूडेड,' हे त्याचे शब्द.

उतरायच्या दिवशी पहाटे दाराखालून बिल आलं. ग्रॅच्युइटी, म्हणजे टिप, ४४४ डॉलर. वाय-फाय ८०, कारण मुलीचा ग्रुप चार दिवस बंद राहिला असता तर बोट बुडाली असती. मॉकटेल सहा, एकाचे १० डॉलर आणि वर १८ टक्के सर्व्हिस, म्हणजे ७० डॉलर ८० सेंट. एक फोटो २५. मुलाचा गेम झोन ३०. एकूण ६४९.८०. कार्डाला डॉलर ८६ रुपयांनी लागला, त्यावर बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप, त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी. झाले ५८,१९० रुपये.

मॉकटेल, गेम, फोटो हे आमचे लाड, त्याबद्दल तक्रार नाही. पण ४४४ डॉलर टिप? माणशी रात्रीला साडेअठरा, गुणिले सहा, गुणिले चार. त्यात माझा पोरगाही धरलाय, जो साडेआठला झोपतो. टिप द्यायची असते की कापून घ्यायची असते? आपण इथं बिलासोबत आलेल्या बडीशेपेच्या बशीत वीस रुपये ठेवतो, पोट खूश झालं तर पन्नास. एजंटला विचारलं तर त्यानं कोटेशनचं शेवटचं पान उघडून दाखवलं. मुंगीच्या अक्षरात, 'ग्रॅच्युइटी अ‍ॅज पर शिप पॉलिसी'.

मी नाही म्हणू शकलो असतो का? आणि पुढच्या माणसानं आधी काय काय विचारून घ्यावं?

शेंगाचटणी

टॉवेल टाकून जागा धरून ठेवतो. सोलापूरच्या धाग्यावर रुमाल टाकणं बरं दिसत नाही.

जुळे सोलापूरची सून

बाळीवेसकर, आम्ही दोनदा जाऊन आलोय आणि पहिल्या वेळी आम्हीही असंच तोंडात मारल्यासारखं परतलो होतो. तेव्हापासून माझ्या वहीत एक पान आहे, त्यातलं लिहिते.

भाड्यात मोठ्या डायनिंग हॉलचं जेवण, बुफे, तिथलं पाणी-चहा-साधी कॉफी, शो, पूल आणि मुलांचा क्लब येतो. क्लब ठरलेल्या वेळेपर्यंतच, रात्री उशिरापर्यंत मुलं ठेवली तर तासाचे पैसे. कोक-पेप्सी बहुतेक बोटींवर भाड्यात नसते. ही गोष्ट आमच्या ह्यांना दोन दिवस पटत नव्हती. 'अगं, एवढं जेवण फुकट आणि कोकला पैसे?' हो, पैसे. वेगळ्या नावाची जी छोटी हॉटेलं आत असतात ती जादा. केबिनमधल्या फ्रिजला हात लावायचा नाही. लाँड्री जादा. फोटोग्राफर चढताना, जेवताना, जिन्यात, सगळीकडे हसत उभे असतात. काढून घ्यायला फुकट, घरी न्यायला पैसे.

ड्रिंक पॅकेज घेणार असाल तर नीट वाचा. बऱ्याच कंपन्यांत केबिनमधल्या एका मोठ्या माणसानं दारूचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. म्हणजे नवरा पिणारा आणि बायको लिंबूपाणीवाली असली तरी दोघांचे पैसे.

फुकटातलं एक: सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही. बुकिंगच्या वेळीच लिहून दिलं, रोज संध्याकाळी वेटर दुसऱ्या दिवशीचं विचारून जायचा. जादा एक पैसा नाही. घरून नेलेल्या शेंगापोळ्या मात्र चढताना काढून घेतल्या, घरचं शिजवलेलं चालत नाही म्हणे. पॅकबंद चटणी गेली.

कन्ना चौक

ताई, वहीचं पान छान आहे, पण मूळ मुद्दा राहतोय. खुशीनं दिली तर टिप, न विचारता लावली तर वसुली. आपल्या देशात यावर निकाल लागलाय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला सूचना काढल्या की हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले आणि यंदा २८ मार्चला दिल्ली उच्च न्यायालयात हरले. इथं कुणी लावला तर सरळ काढायला सांगा, नाही ऐकलं तर १९१५ ला फोन करा. बोटीवर ४४४ डॉलर कापले की आपण 'फॉरेनचा रिवाज' म्हणून गप्प बसतो. का?

हिशेबी

कारण ती बोट सिंगापूरच्या बंदरातून सुटलेली असते, झेंडा बहामा किंवा पनामाचा असतो, आणि बुकिंग करताना तुम्ही (किंवा तुमच्या वतीनं एजंटनं) अटींच्या खाली टिकमार्क केलेली असते. आपलं प्राधिकरण तिथं कुठून पोहोचणार? एजंट मात्र सोलापुरात आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. पण कोटेशनवर ती ओळ आहे आणि 'सगळं इन्क्लूडेड' हे तोंडी आहे. आयोगापुढे तोंडाला किंमत किती, ते तुम्हीच ठरवा.

काढता येते का? बहुतेक बोटींवर येते. गेस्ट सर्व्हिसच्या काउंटरवर जाऊन कमी करा किंवा काढा म्हणून सांगायचं. उतरल्यावर नाही, खातं बंद व्हायच्या आत. आणि बिल शेवटच्या दिवसापर्यंत बघायचंच नाही ही सवय सोडा. केबिनच्या टीव्हीवर किंवा अ‍ॅपमध्ये रोज दिसतं.

पैशांचं थोडं अजून. बोटीवर खातं उघडताना डेबिट कार्ड देऊ नका. कंपनी रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला घरी आल्यावर बरेच दिवस जातात, तेवढे दिवस तुमचेच पैसे तुम्हाला दिसतात पण मिळत नाहीत. क्रेडिट कार्ड द्या, कमी मार्कअपवालं. 'रुपयात भरायचं का?' असं मशीननं विचारलं तर नाही म्हणा, त्यात दर वाईट लागतो. एजंटनं पॅकेजवर टीसीएस कापला असेल, २०२५-२६ सालासाठी दहा लाखांपर्यंत ५ टक्के. तो खर्च नाही, तुमचाच आगाऊ कर आहे. २६एएस या करखात्याच्या उताऱ्यात दिसतो का बघा आणि रिटर्नमध्ये मागा. नोकरदारांनी १२बीएए फॉर्म ऑफिसात दिला तर पगारातला टीडीएस तेवढा कमी होतो. लोक हे वीस-पंचवीस हजार विसरतात आणि मॉकटेलवर भांडतात.

शेंगाचटणी

काय बे हिशेबी, टिपवरून थेट रिटर्नमध्ये घुसलास.

हिशेबी

जुलै आला की सगळे माझ्याकडेच येतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवलं.

अक्कलकोट रोड

वाचून राहवलं नाही. मी सहा वर्षं केबिन स्टुअर्ड होतो. आता नाही, गुडघा गेला.

माझ्याकडे अठरा केबिन होत्या. दिवसातून दोनदा. सकाळी पूर्ण सफाई, संध्याकाळी तुम्ही जेवायला गेलात की पलंग लावणं, टॉवेल बदलणं. बंदराचा दिवस असला की जुने पाहुणे नऊपर्यंत बाहेर आणि नवे दुपारी आत, मधल्या वेळात अठरा केबिन नव्या करायच्या. करार सात-आठ महिन्यांचा, त्यात आठवड्याची सुट्टी हा प्रकार नाही. नियम आहेत, २००६ चा सागरी कामगार करार आहे, भारतानंही २०१५ मध्ये तो स्वीकारला. चोवीस तासांत दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे असं त्यात आहे. आता ७७ उलटे मोजा, कामाला किती उरतात ते बघा.

आमच्या कंपनीत मूळ पगार हातात धरण्यासारखा नव्हता. घरी पाठवायचो ते या ग्रॅच्युइटीतून. आणि ती फक्त मला मिळत नव्हती. हॉलमधला वेटर, त्याचा मदतनीस, खाली लाँड्रीत बसलेला माणूस, ज्याला तुम्ही कधी बघतच नाही, सगळ्यांत वाटणी. पूर्वीच्या बोटींवर शेवटच्या रात्री पाकिटं वाटायची पद्धत होती, जुने लोक सांगायचे. त्यात वेटरला मिळायचं, लाँड्रीवाल्याला नाही. आणि काही पाहुण्यांना नेमकं शेवटच्या रात्रीच डोकं दुखायचं, जेवायलाच यायचे नाहीत.

भारतीयांबद्दल एक लिहितो, राग मानू नका. शेवटच्या रात्री काउंटरवर ग्रॅच्युइटी काढायच्या रांगेत आपले लोक दिसले की आम्ही आपल्याकडचे पोरं मान खाली घालायचो. काढून रोख देणारे असतात, त्यांचं मन चांगलं असतं, पण काही कंपन्यांत ती रोख आम्हाला वाटणीतच जमा करावी लागते.

कन्ना चौक

तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, भाऊ, मनापासून. पण तुम्हीच माझी बाजू मांडलीत. पगार कंपनीनं द्यायचा, तो ती देत नाही, आणि नाही दिला तर वाईट मी ठरतो! त्या रांगेत मान कंपनीनं खाली घालायला पाहिजे. सरळ भाड्यात घाला ना. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनं २०१९ मध्ये हा वेगळा चार्ज बंद करून टाकला. ऑस्ट्रेलियातून सुटणाऱ्या काही बोटींवरही भाड्यातच असतो. त्यांना जमतं.

जुळे सोलापूरची सून

कन्ना चौक, भाड्यात घातलं की जाहिरातीतला आकडा वाढतो. शेजारच्या एजंटचा आकडा कमी दिसतो आणि आपण सगळे तिकडे पळतो. आपणही साधे नाही आहोत.

आणि एजंट हे आधी का सांगत नाही माहितीय? ग्रॅच्युइटी आणि बंदराचे कर यावर त्याला सहसा कमिशन नसतं. जे सांगून कोटेशन फुगतं आणि हाती काही येत नाही, ते कोण सांगेल? आम्ही दुसऱ्या वेळी आधीच भरून टाकली. फायदा असा की मधे दर वाढला तरी आपला जुनाच राहतो, आणि शेवटच्या दिवशी बीपी वाढत नाही.

माढ्याचा म्हातारा

आमच्या लहानपणी गावात न्हावी, सुतार, लोहार यांना कामागणिक पैसे नसत. सुगीला खळ्यावरून धान्य जायचं. कुणाच्या घरी यंदा नांगर मोडला नाही म्हणून सुताराचं धान्य चुकत नसे. ते बलुतं. दिवाळीला पोस्टमनच्या हातावर काही ठेवायचो ती पोस्त, ती खुशीची, ज्याची त्याची. तुमच्या बोटवाल्यांनी बलुत्याला पोस्त म्हटलंय, म्हणून एवढी भांडणं. सहा वर्षांच्या पोराचे पैसे का, याचं उत्तर पोस्तीत सापडणार नाही, बलुत्यात सापडेल.

अक्कलकोट रोड

काका, उपमा पटली. फक्त बलुत्यात सुताराला खळ्यावर उभं राहून मालकाच्या हाताकडे बघावं लागायचं, तेही इथं तसंच आहे. माझे आजोबा त्या बाजूला उभे होते.

माढ्याचा म्हातारा

खरं आहे. ते लिहायचं राहिलं माझं.

होटगी रोड

सगळे टिपवर अडकलात. माझा खड्डा वेगळा. बोट बंदरातून निघाली, फोन खिशात चालूच. जमिनीचं नेटवर्क गेलं की फोन बोटीवरच्या सॅटेलाइट नेटवर्कला आपोआप चिकटतो, आणि ते आपल्या साध्या रोमिंग पॅकमध्ये धरलेलं नसतं. मी कुणाला फोन केला नाही, काही पाहिलं नाही. आतल्या आत फोटो अपलोड होत बसले. घरी आल्यावर बिल आलं, आकडा लिहीत नाही, बायको हा धागा वाचते. चढलात की एअरप्लेन मोड. वाय-फाय हवं तर एअरप्लेन मोडमध्येच चालू करा.

दुसरं, बोटीवरचा दवाखाना. मुलाला ताप आला, तपासणी आणि दोन औषधं, ते डॉलरही केबिनच्या खात्यावर. प्रवासविमा होता म्हणून कागद पाठवून पैसे परत मिळाले. उलटीच्या गोळ्या मात्र काउंटरवर नुसत्या मागितल्या की दिल्या.

शेंगाचटणी

माझा मावसभाऊ जाऊन आला. त्याचं म्हणणं, पूलवर टॉवेल घेताना कार्ड दाखवावं लागतं आणि परत नाही केला तर २५ डॉलर लावतात. खरं का बे? २५ डॉलर म्हणजे दोन हजारांवर. तेवढ्यात इथं डझनभर बांधून देतो की. एखादी बोट गाठून दे कुणीतरी, आख्खं बंडल घेऊन चढतो.

जुळे सोलापूरची सून

खरं आहे. आमच्या बोटीवर २५ डॉलरच होते, दुसरीकडे थोडं कमी-जास्त असेल. टॉवेल खुर्चीवर टाकून जेवायला गेलात आणि दुसऱ्यानं उचलला तरी पैसे तुमचेच. परत करताना कार्डावरून नाव कमी झालं का ते उभं राहून बघा.

बाळीवेसकर

टॉवेलचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. धागा काढताना रागात हे लिहिलं नव्हतं.

पहिल्या रात्री जेवून आलो तर अण्णांच्या पलंगावर टॉवेलचा हत्ती. डोळ्यांवर माझ्या मुलाचा गॉगल. पोरगं उड्या मारायला लागलं. अण्णांनी हत्ती उचलला, सोंड सोडवली, टॉवेलची कड अंगठा आणि बोटात धरली आणि दिव्याखाली जाऊन बसले. पाच मिनिटांनी म्हणाले, 'पाइल बरं आहे. किनार सैल सोडलीय, धुऊन धुऊन उसवणार.' मुलगा रडायच्या बेतात, हत्तीचा टॉवेल झाला म्हणून.

सकाळी स्टुअर्ड आला. बालीचा होता, तिशीचा. अण्णांना इंग्रजी येत नाही, त्याला मराठी यायचं कारण नाही. अण्णांनी त्याला किनार दाखवली, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ताणा-बाणा दाखवला, मग छातीवर हात ठेवून 'सोलापूर' म्हणाले. त्याला काय समजलं देव जाणे, पण तो हातातलं काम टाकून खाली बसला आणि त्यानं अण्णांना हत्ती करायला शिकवला. मोठा टॉवेल दोन्ही टोकांकडून मधे गुंडाळायचा, मग दुमडून उभा करायचा की चार पाय. छोट्या टॉवेलची सोंड आणि कान. अण्णांची सोंड तीनदा पडली. चौथ्यांदा उभी राहिली तेव्हा दोघंही हसत होते. त्यानंतर रोज संध्याकाळी तो एक टॉवेल बिनघडीचा ठेवून जायचा, अण्णांसाठी.

उतरायच्या सकाळी बिल हातात, माझं डोकं फिरलेलं, काउंटरवर ही मोठी रांग. तेवढ्यात अण्णांनी माझ्याकडे वीस डॉलर मागितले आणि जाऊन त्याच्या हातात दिले. मी म्हटलं, अण्णा, ४४४ आधीच कापलेत हो त्यांनी. म्हणाले, 'ते कंपनीनं घेतले. हे मी दिले.'

अक्कलकोट रोड यांचं वाचेपर्यंत मला वाटत होतं की ४४४ हवेत गेले. आता तसं वाटत नाही. राग आहेच, पण तो नवी पेठेत आहे.

शेंगाचटणी

अण्णांना सांगा, गड्ड्याच्या जत्रेत टॉवेलच्या हत्तींचा स्टॉल टाकू. भांडवल माझं.

पार्क चौक

वाचनमात्र होतो, एक शंका. आमचं दिवाळीनंतर मुंबईहून गोव्याच्या बोटीचं चाललंय. तिथंही हेच का?

हिशेबी

देशातल्या देशात असेल तर टीसीएसचा प्रश्न नाही. बाकी प्रश्न तेच विचारा, लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटला एवढंच लिहा: 'सहा माणसांचं, सगळे कर, बंदराचे चार्ज आणि ग्रॅच्युइटी धरून, चढल्यापासून उतरेपर्यंत जे भरावंच लागेल ते एकूण किती?' त्याचं उत्तर जपून ठेवा. 'साहेब, काळजी करू नका' हे उत्तर धरायचं नाही.

अवांतर: नुसतं गोवा बघायचं असेल तर परवा ९ तारखेपासून आपल्या होटगी रोडवरून विमान सुरू झालंय.

पार्क चौक

विमानात टॉवेलचा हत्ती मिळत नाही ना. मुलांना हा धागा वाचून दाखवला, आता सुटका नाही.

बाळीवेसकर, १६ जून २०२५

अपडेट. काल एजंटकडे गेलो. भांडायला गेलो होतो, पण तोच म्हणाला, चला, बाहेर चहा घेऊ. हा धागा त्याच्या पोरानं त्याला दाखवलाय. नवीन कोटेशनवर ग्रॅच्युइटी पहिल्या पानावर घेतली, माणशी रात्रीला किती आणि एकूण किती, मोठ्या अक्षरात. छापील कागद दाखवला मला. माझे पैसे परत वगैरे काही नाही, ते मी मागितलेही नाहीत.

शेंगाचटणी

चहाचं बिल कुणी दिलं?

बाळीवेसकर

मी. चहा इन्क्लूडेड नव्हता म्हणे.